भेकराची गव्हाण

आत्याबाई, इथं विलायतेत आमच्या परसात भेकर येतं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, आणि एवढ्या वर्षांनी सांगायला मला सुचलं ते हे. सासूला पत्र धाडणारी सून आपल्या वाडीत कुणी ऐकली नसेल, त्यातून मेलेल्या सासूला. पण मी कुठं लिहितेय, मला तर अजून माझं नावसुद्धा काढता येत नाही. मी बोलतेय आणि माझी सून लिहितेय. ती पुण्याची, कंप्युटरवर काम करणारी. मी बोलते तसं ती लिहीत नाही, जरा धुऊन-पुसून, घडी घालून लिहिते. आत्ताच तिला म्हटलं, 'अगं, माझी सासू गोठ्यात बोलायची तसं लिही, तिला हे असलं इस्त्रीचं कळायचं नाही,' तर म्हणते, 'आई, तुम्ही सांगत जा, त्यांना कळायचं ते कळेल.' तिला तुम्ही फक्त माझ्या तोंडूनच माहीत. त्यामुळे तुम्ही तिला जरा भीतीदायकच वाटता, आणि ते मी तसंच राहू दिलंय.

तुमचा नातू, माझा लेक, गेला. तुम्हाला तिकडं भेटला असेल तर हे जुनंच झालं, नसेल भेटला तर आता कळलं. ऑक्टोबरात हॉस्पिटलातनं ड्यूटी करून आला, दारात बूट काढले, जिन्याच्या पायरीवर टेकला. मी स्वयंपाकघरातनं विचारलं, चहा टाकू का. उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात, कारण मला वाटलं फोनवर असेल. एवढंच झालं. दुसऱ्यांची हृदयं बघणारा माणूस, स्वतःचं बघायचं राहिलं. मला रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. सुनेलाही आलं नाही. माणसं आली, क्रॉयडनहून आली, कार्डिफहून त्याच्या बरोबरचे डॉक्टर आले. सगळ्यांनी डबे आणले, फ्रीझरचं दार लागेना. एका बाईनं तर पुरणपोळ्या आणल्या. दुःखाच्या घरी पुरणपोळी. तिच्या घरी तेवढंच केलेलं असेल बिचारीच्या. मग माणसं गेली आणि आम्ही दोघी राहिलो. ती सकाळी गाडी काढून कामाला जायची आणि संध्याकाळी दारात गाडी उभी करून आतच बसून राहायची. मी पडद्याआडून बघायची. दिवा नाही, गाणं नाही, नुसती बसलेली. मग आत यायची, 'जेवलात का आई?' विचारायची, मी 'हो' म्हणायची, 'तू?' म्हटलं की ती 'हो' म्हणायची. दोघीही खोटं बोलायचो आणि भांडी कोरडी असायची.

आणि एक ठरायचं राहिलं होतं. धाकट्या भाऊजींचा मुलगा साताऱ्याहून दर रविवारी फोन करतो. 'काकू, मार्चअखेरचं तिकीट काढून टाकतो. तिथं आता तुमचं कोण आहे? ती अजून तरुण आहे, तिचं तिला बघू दे.' मुलगा वाईट नाही. एक खोलीही काढून ठेवलीय म्हणाला, पंख्याची. मी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, 'तुम्ही म्हणाल तसं, आई. मी अडवणार नाही.' आता यातनं मी काय समजायचं? अडवणार नाही म्हणजे जा, का अडवायचा मला काय हक्क? मग मीही म्हटलं, 'तू म्हणशील तसं.' अशा आम्ही दोघी शहाण्या. तुमच्या नातवानं मला क्रॉयडनला नेऊन पासपोर्टावर इथं कायम राहायचा शिक्का मारून आणला होता. येताना ट्राममध्ये लहान पोरासारखा हसत होता. 'आता तुला कुणी घालवू शकत नाही.' सरकारचा प्रश्न त्यानं मिटवला. आमच्या दोघींतला प्रश्न त्याच्या ध्यानातच आला नसणार. तो घरात असताना तो प्रश्न नव्हताच.

डिसेंबरात एका संध्याकाळी मला ते ओरडणं ऐकू आलं. कुत्र्यासारखं, पण कुत्रं नव्हे. एकदा ओरडतं, थांबतं, परत तेच, कुणीतरी लाकडावर लाकूड आपटावं तसं. मी म्हटलं, 'भेकर आहे.' सून म्हणाली, 'फॉक्स असेल आई, इथं फार.' पण आत्याबाई, मी तो आवाज कसा विसरेन? तुम्ही चुलीपुढं बसलाय, वर रानात भेकर ओरडतं, तुम्ही भाकरी तव्यावरच सोडून उठता, गोठ्याच्या दाराला आडणा घालता, कारण भेकर ओरडलं म्हणजे वाघरू खाली उतरलंय. परत येऊन बसता, भाकरी करपलेली असते, ती माझ्या ताटात पडते. इथं वाघरू नाही, गोठा नाही, दाराला आडणा नाही. तरी मी उठले आणि मागचं दार लागलंय का बघून आले. सकाळी गोठलेल्या दवानं सगळं परस पांढरंफटक पडलेलं आणि मधोमध ते उभं. मांडीएवढं उंच, पाठीत वाकलेलं, काहीतरी हरवल्यासारखं खाली बघत. आपल्याकडच्याहून लहान, पण तेच भुंकणारं हरीण. मी सुनेला हाक मारली. ती ब्रश तोंडात धरून आली, बघत राहिली आणि मग म्हणाली, 'सॉरी आई, तुमचं बरोबर होतं.' मी म्हटलं, 'फॉक्सला खूर फुटले असतील.' ती हसली नाही, पण तिच्या तोंडातला ब्रश जरासा हलला.

मी इथं आल्यापासून गोग्रास काढते. तुम्ही शिकवलं तसंच, पहिली पोळी गाईची. मिल्टन कीन्समध्ये गाय कुठली, मी मागच्या फरशीवर ठेवायची आणि पक्षी नाहीतर खारी न्यायच्या. तुमचा नातू म्हणायचा, 'आई, इथल्या खारींना शुगर होईल.' त्या दिवशी मी पोळीला तूप-गूळ लावला आणि भेकरासाठी ठेवली. त्यानं हुंगली, माझ्याकडं बघितलं आणि शेजाऱ्याच्या फुलझाडांकडं गेलं. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. संध्याकाळी सुनेनं कंप्युटरवर बघितलं. मी पाठीमागं उभी राहिले. ती वाचत गेली आणि मला सांगत गेली, पोळी-पाव द्यायचा नाही, गूळ तर नाहीच, त्यांच्या पोटात तो फसफसतो, थंडीत खायला कमी असतं तेव्हा वरचा चारा द्यायचा असेल तर असा द्यायचा आणि तसा द्यायचा. ऑक्टोबरनंतर ती एका दमात एवढं पहिल्यांदाच बोलली. काय बोलली त्यातलं निम्मं मला कळलं नाही. मी 'हां' म्हणत राहिले, कारण 'हां' म्हटलं की ती पुढं वाचायची.

मग आम्ही गव्हाण निवडायला बसलो. कंप्युटरवर गव्हाणींचे फोटो. अशा गव्हाणी तुम्ही जन्मात पाहिल्या नसतील. एक पिंप, त्याला चार उंच पाय, वरनं दाणे भरायचे, खालनं आपोआप गळतात. एक गजांची, त्यात वाळलेलं गवत खोचायचं. एक लाकडाची, जमिनीलगत, आपल्या गव्हाणीच्या धाकट्या बहिणीसारखी. मी म्हटलं, 'ती घे, जमिनीलगतची.' सून म्हणाली, 'आई, पावसात त्यातलं भिजून बुरशी येते, असं लिहिलंय. पिंपाचं झाकण घट्ट असतं.' मी म्हटलं, 'मग पिंप घे, आणि गजांचंही घे, गवत तर खाईलच की, जनावर आहे.' तिनं दोन्ही मागवलं. व्हॅन आली, माणसानं खोकी उतरवली, आणि एका शनिवारी आम्ही दोघींनी ते पिंप उभं केलं. ती कागद बघून नट कुठं जाईल ते सांगायची, मी फिरवायची. उभं राहिल्यावर कळलं, ते मोठ्या सांबराएवढ्या हरणांसाठी होतं. दाणे गळायचं तोंड माझ्या कमरेशी. भेकर आलं आणि त्या पिंपाखाली जाऊन उभं राहिलं, पाऊस होता, तिथं कोरडं होतं. खालून वर बघेना, खाईना, नुसतं मांडवात पाहुणा उभा असावा तसं. गजातलं गवत तर त्यानं विचारलंही नाही. दोन आठवडे मी रोज ते गवत झटकून ताजं खोचायची, आणि रोज ते माझी कीव केल्यासारखं बाजूनं निघून जायचं. सून म्हणाली, 'आपण चुकीचं घेतलं.' मी म्हटलं, 'आपण नाही, तू घेतलंस, मी तर जमिनीलगतचं म्हटलं होतं.' ती म्हणाली, 'आणि गवत कुणी म्हटलं?' ऐका आत्याबाई, तुमची नातसून मला उलट बोलली. मला इतकं बरं वाटलं.

चाऱ्याचंही तेच. गावाबाहेर शेतकऱ्यांच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथं जायला इतके राउंडअबाउट, म्हणजे मधे गवताचं गोल बेट असलेले चौक, लागतात की मला वाटतं आपण परत घरी आलो. पोत्यांवर काय लिहिलंय ते मला कळत नाही, मी मूठ भरून वास घेते, दाताखाली धरून बघते. हरणांच्या गोळ्या मी चावून बघितल्या, भुशाच्या, थोड्या खारट. दुकानातली पोरगी घाबरली. 'लव्ह,' इथं कुणालाही असंच म्हणतात, 'ते जनावरांचं आहे.' सुनेनं तिला इंग्लिशमध्ये काहीतरी सांगितलं. काय सांगितलं विचारलं तर म्हणाली, 'सांगितलं, सगळ्यांचं आमच्याकडं आधी आई चाखते.' मग त्या पोरीनं आम्हाला बिटाचा चोथा दाखवला, साखर काढून घेतलेल्या बिटाचा, वाळवलेला. भिजवल्याशिवाय द्यायचा नाही, नाहीतर पोटात फुगतो. ते ऐकून मी म्हटलं, अगं, ही तर आपली सरकीच. तुम्ही रात्री घमेल्यात सरकी भिजत घालायचात, सकाळी ती कुस्करून, चुणी कालवून, वर मिठाचा खडा फिरवून आंबोण करायचात, आणि कोपरापर्यंत हात घालून ऊन आहे का गार ते बघायचात. मी मका घ्या म्हणत होते. पोरगी म्हणाली, मका थोडाच, चिमटीनं, जास्त झाला तर हरीण भरल्या पोटी मरतं. मी म्हटलं, हे मला ठाऊक आहे. आणि होतंच ठाऊक, फक्त आठवायला तिनं म्हणावं लागलं.

मामंजींची ती गाय आठवते ना? पाऊस न झालेल्या वर्षी, वरच्या रानातनं हाडं मोजावीत अशी परत आली होती, बांडी. मामंजींना तिची दया आली, त्यांनी घरात राखलेली बाजरी टोपलीभर तिच्यापुढं ओतली. तिनं खाल्ली. दुपारपर्यंत तिचं पोट नगाऱ्यासारखं. तुम्ही तिच्या पोटावर हात चोळत बसलाय, तिला तेल पाजताय, संध्याकाळपर्यंत बसलाय, आणि संध्याकाळी ती गेली. मामंजी ओट्यावर. त्यांच्याशी तुम्ही सरळ कधीच बोलला नाहीत, बोलायचं ते गाईला सांगायचं, भिंतीला सांगायचं, ज्यानं ऐकायचं तो ऐकायचा. त्या दिवशी तुम्ही मेलेल्या गाईला म्हणालात, 'बाई, ज्यानं तुला घातलं त्याचा जीव चांगला होता. पण उपाशी पोटाला आधी खायची सवय लावायला लागते, ते त्याला कुणी सांगितलं नाही.' मामंजी उठून आत गेले. ओरडला असतात तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यानंतर मीही तुमचीच रीत धरली. तुमच्या लेकाशी बोलायचं ते तव्याशी बोलायची. पण इथं या घरात गाय नाही, आणि भिंतीला मराठी येत नाही. म्हणून हिवाळाभर आम्ही दोघी भेकराबद्दल बोललो. 'आज त्यानं खाल्लं का?' 'थोडं.' 'उद्या जरा वाढवू?' 'नको, चार दिवस एवढंच.' त्याच चार दिवसांत मी तिला भाताची पेज केली, मीठ-तूप घालून, पातळ. डब्यातलं काही पुढं ठेवलं नाही, खा म्हटलं नाही. वाटी ठेवली आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी होती. तिसऱ्या दिवशी मी जरा घट्ट केली. लिहितेयस ना गं? थांबू नकोस, तुला मी जनावर म्हटलेलं नाही.

गवताचा घोळ शेजारच्या म्हाताऱ्यानं मिटवला. त्याची बायको गेलीय, गुलाब आहेत. गुलाबाचे कोंब भेकर खातं म्हणून तो आमच्यावर चिडलेला असणार असं आम्हाला वाटायचं. एका सकाळी तो कुंपणावरनं हिरव्या वेलीचा भारा टाकतोय, भिंतीवर चढते ती, आयव्ही म्हणतात. सुनेला म्हणाला, 'हे गवत खाणारं नव्हे, पाला खुडणारं जनावर आहे. याला हे द्या, म्हणजे माझे गुलाब तरी वाचतील. आणि ते पिंप कुणासाठी आहे, जिराफासाठी?' सुनेनं मला मराठीत सांगितलं आणि सांगतानाच हसली. म्हातारा पण हसला. मी त्याला म्हटलं, 'तू आधी का सांगितलं नाहीस?' ते सुनेनं त्याला सांगितलं नाही, पण त्याला कळलं. त्यानंच जुन्या फळ्यांची जमिनीलगतची गव्हाण ठोकून दिली, वर तिरकं छप्पर, पाणी गळून जायला तळाला भोकं. तिच्यात मूठभर गोळ्या, भिजवलेला चोथा, वर आयव्हीचे डहाळे. भेकर आलं, डहाळे खाल्ले, मग चोथा हुंगला, मग खाल्ला. आम्ही स्वयंपाकघरात दिवा न लावता उभ्या होतो. पिंप मात्र अजून तिथंच आहे. ते खोलून परत खोक्यात घालायचं कसं, ते कागदावर लिहिलेलं नाही.

मग बर्फ पडलं, बऱ्याच वर्षांनी एवढं पडलं म्हणत होते सगळे. तिचं ऑफिस बंद, रस्ते बंद. तेव्हा कळलं, येणारी दोन होती. एक मादी, तीच आमची, आणि एक नर, ज्याचे सुळे ओठांबाहेर दिसायचे. तो आला की मादी गव्हाणीपासनं मागं सरायची, कुंपणाशी उभी राहायची, आणि तो सगळं खाऊन गेल्यावर रिकाम्या फळ्या चाटायची. सुनेनं परत वाचलं. चारा एकाच जागी ठेवू नये, जो दांडगा तो दुसऱ्यांना येऊ देत नाही, दोन जागी ठेवावा, एकमेकांना दिसणार नाही अशा. मग दुसरी गव्हाण म्हाताऱ्याकडनं आली. एक माझ्या खोलीच्या खिडकीखाली, एक घराला वळसा घालून तिच्या खिडकीखाली. माझी मी भरायची, तिची तिनं. सकाळी कुणाच्यात काय उरलं ते एकमेकींना सांगायचं. मादी माझ्याकडं यायची का तिच्याकडं, यावरनं आमची थोडी चढाओढही व्हायची. मी तिला म्हटलं, 'तुझ्याकडं तो सुळेवाला येतो, मला माहितीये.' ती म्हणाली, 'आई, तुम्ही काय बोलता.' आणि बर्फ वितळेपर्यंत आम्ही एकत्र जेवलो, रोज, टेबलाशी. तुमच्या नातवाच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही, पण ती खुर्ची आम्ही मागंही सरकवली नाही.

आता मनातलं एक बोलते, ते लिहायला हिला जड जाईल. तुमचा लेक तापानं गेला तेव्हा मी पंचविशीच्या आतली, कडेवर पोर. माझे भाऊ गाडी जुंपून मला न्यायला आले होते. अंगणात बैल उभे, माझं बोचकं बांधलेलं, पोराला काजळ लावलेलं. तुम्ही मला राहा म्हटलं नाहीत, जा पण म्हटलं नाहीत. तुम्ही गोठ्यातल्या गाईला म्हणालात, 'उद्या सकाळचं आंबोण कोण ठेवणार बाई तुझं.' एवढंच. आणि आत निघून गेलात. मी भावांना म्हटलं, पुढच्या महिन्यात या. ते आले नाहीत, मी बोलावलं नाही. त्या वसुबारसेला तुम्ही पांढऱ्या कपाळाची कालवड माझ्या हातात दिलीत, 'ही तुझी,' म्हणालात. तिच्या दुधावर तुमचा नातू शाळेत गेला, डॉक्टर झाला, इथं आला, मला इथं आणलं. पण आत्याबाई, तुम्ही मला ठेवून घेतलं ते माझ्यासाठी, का आंबोणासाठी, हे मला कधी कळलं नाही. तुम्ही असताना विचारायची छाती नव्हती. नंतर वाटायचं, काय फरक पडतो, राहिलेच ना. हिवाळाभर मात्र रोज वाटलं, विचारायला हवं होतं. कारण आता हीसुद्धा तशीच उभी आहे, बोचकं माझं बांधलेलं, आणि हिला म्हणायला गाय नाही.

मार्च लागला तसं सुनेनं वाचून सांगितलं की चारा एकदम बंद करायचा नसतो, कोंब फुटायला लागले की हळूहळू कमी करायचा, आणि जनावर यायचं थांबलं की आपलं काम झालं असं समजायचं. पुतण्याचा फोन आला, 'काकू, तिकीट?' मी म्हटलं, 'अरे, भेकराला मधेच सोडून येता येत नाही.' त्याला वाटलं म्हातारी चळली. त्यानं सुनेला फोनवर घेतलं. तिनंही तेच सांगितलं, 'अजून खातंय ते, बघू थोडे दिवस.' तो म्हणाला, 'ठीक आहे, खायचं थांबलं की कळवा.' आता कुंपणाबाहेर रानात सगळं हिरवं झालंय, रेडवेच्या, म्हणजे सायकलींच्या लाल वाटेच्या, कडेनं कोंब फुटलेत, शेजाऱ्याच्या गुलाबांना पानं आलीत आणि ती शाबूत आहेत. आणि रोज सकाळी आम्ही एकमेकींना सांगतो. 'तुझ्याकडं?' 'खाल्लं. तुमच्याकडं?' 'खाल्लं.'

लिही. माझ्या खिडकीखालचं खाल्लेलं नाही. भेकर यायचं केव्हाच थांबलंय. सकाळी ती न्हाणीत असते तेव्हा मी बाहेर जाते, गव्हाणीतलं काढून पदरात घेते आणि म्हाताऱ्याच्या खताच्या ढिगात टाकते. म्हातारा कुंपणावरनं बघतो.

इथं तिनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं रागावली. ती कागदावरनं नजर न काढता म्हणाली, 'माझ्या खिडकीखालचं मी काढते.'

मी म्हटलं, 'कधीपासनं?'

'तुमच्या आधीपासून असेल.'

'आणि टाकतेस कुठं?'

'ऑफिसला जाताना. राउंडअबाउटवर. एका राउंडअबाउटवर रोज नको म्हणून बदलून बदलून.'

मिल्टन कीन्समध्ये त्यांना तोटा नाही, आत्याबाई. मी हसले, तीही हसली, आणि मग तिचं हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं ते मला कळलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला नाही आलं रडू, माझा हात तेवढा तिथं होता. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं, पेन उचललं आणि विचारलं, 'हे पण लिहू?' म्हटलं, 'सगळं लिही, धुऊ-पुसू नकोस.' मग मी तिला म्हटलं, 'उद्या पुतण्याला फोन लाव. मला जायचं नाही म्हणून सांग.' ती म्हणाली, 'फोन मी लावते, आई. पण बोला तुम्ही. मला पण ते तुमच्या तोंडून ऐकायचंय.'

मी हो म्हटलंय. आता हे पत्र पाठवायचं कुठं आणि कुणी. मला परत जायचं नाही, हे वाक्य मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही, उद्या फोनवर जीभ अडखळली तर काय करायचं. म्हणून आधी तुमच्यापाशी बोलून बघितलं.